तुमची पिशवी कुणाला जाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी गेली काही वर्षं दर तीन-चार महिन्यांनी रक्तदान करतो. पिशवी कुणाला जाते ते कधीच कळत नाही. आभारांची अपेक्षा नाही, पण घरचे म्हणतात की तुझं फुकटचं रक्त पुढे विकलं जातं, तू कशाला देतोस? अशा अनोळखी मदतीने खरंच कुणाच्या आयुष्यात फरक पडतो का? आणि देणाऱ्याला त्यातून काय मिळतं? माझ्या पत्नीलाही रक्त द्यायचं होतं, पण हिमोग्लोबिन ११.६ भरलं म्हणून तिला परत पाठवलं. तिला फार वाईट वाटलं."

फरक पडतो. आणि नाव-गाव माहीत नसलेल्या माणसासाठी दिलेल्या रक्ताने सगळ्यात जास्त पडतो. माझं अर्धं आयुष्य रक्तपेढीत गेलं, आधी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून आणि नंतर शिबिरं घेण्यात, रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलण्यात. जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्या आधारावर लिहितोय.

तुम्ही चहा-बिस्किटं घेऊन शिबिरातून बाहेर पडता तेव्हा तुमची पिशवी बर्फाच्या पेटीतून रक्तपेढीकडे निघालेली असते. तिथे काही तासांच्या आत ती मोठ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून तांबड्या पेशी, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आणि जमेल तिथे प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) असे घटक वेगळे करतात. सोबतच्या नमुन्यावर एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया या पाच तपासण्या होतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट्सचं आयुष्य जेमतेम पाच दिवसांचं, तेही सतत हलत्या ट्रेवर. 'एक पिशवी, तीन जीव' असं शिबिरांच्या बॅनरवर लिहिलेलं असतं. प्रत्येक पिशवीच्या बाबतीत ते खरं नसतं. कधी घटक दोनच निघतात, कधी तपासणीत काही सापडतं, कधी मुदत संपून पिशवी टाकून द्यावी लागते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तुम्हाला पोस्टरवरचं उत्तर नको असणार.

आता कल्पना करा, रात्रीची वेळ आहे, तालुक्याच्या गावी एक बाई बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबत नाही. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. बाळंतपणानंतर गर्भाशय आकुंचन पावलं नाही, तर हातात घड्याळ धरून मोजावा एवढाच वेळ उरतो. अशा वेळी नवरा, दीर, भाऊ सगळे रक्त द्यायला तयार असतात, बाह्या वर करून उभे असतात. पण त्यांचं रक्त त्या रात्री तिच्या कामाचं नसतं. ते घ्यायचं, तपासायचं, घटक वेगळे करायचे, यात तास जातात आणि तिच्याकडे तेवढे तास नसतात. ग्रामीण रुग्णालयाच्या रक्तसाठवणूक केंद्रात, फ्रिजमध्ये आधीपासून जे ठेवलेलं असेल, त्यावरच ती जगते. ते रक्त गेल्या आठवड्यात किंवा गेल्या महिन्यात अशा कुणीतरी दिलेलं असतं, ज्याला ती बाई अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसतं.

त्यामुळे कुणी मला म्हणालं, "साहेब, ओळखीत कुणाला लागलं तर सांगा, मी लगेच धावत येईन", तर मी त्याचे आभार मानतो आणि सांगतो, तसं नको, आजच द्या. तुमची भावना खरी आहे, पण खऱ्या आणीबाणीत धावत येणारा उशिराच पोचतो.

दुसरं चित्र थॅलेसेमियाच्या मुलांचं. या मुलांच्या शरीरात हिमोग्लोबिन नीट तयारच होत नाही. साधारण दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि तेही आयुष्यभर. आमच्याकडे रविवारी गर्दी जास्त असते, कारण शाळा बुडत नाही. एका ओळीत खाटा, प्रत्येक खाटेशी एक आई, आईच्या पिशवीत डबा आणि गृहपाठाची वही. शिरा टोचून टोचून कडक झालेल्या असतात, त्यामुळे सिस्टर बराच वेळ मनगट चोळत बसते. एक मुलगी दर वेळी बजावते, "सिस्टर, उजव्या हाताला नको, मला चित्र काढायचंय." तिची आई मला म्हणाली होती की तारीख जवळ आल्याचं कॅलेंडर बघून कळायची गरजच पडत नाही. पोरगी जिन्यात मध्येच बसते, जेवणाला नको म्हणते, उगाच रडते. आणि रक्त चढवल्यावर? "दुसऱ्या दिवशी भावाशी भांडायला लागली की समजायचं, लागू पडलं."

या मुलीचा हिशोब मांडून बघा. वर्षाला साधारण १५ ते २० वेळा रक्त. वजन वाढलं की एका वेळी एकच्या जागी दोन पिशव्या. पुरुष रक्तदात्याला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं, म्हणजे नियमाने देणारा पुरुषही वर्षाला फार तर चार पिशव्या देणार. थोडक्यात, अशा एका लेकराला शाळेत जाता यावं, जिने चढता यावेत यासाठी चार-पाच माणसांनी वर्षभर न चुकता यावं लागतं, आणि ती मोठी झाली की आठ-दहा जणांनी. दहावीपर्यंत पोचलेल्या मुलीच्या अंगात शेकडो अनोळखी माणसांचं रक्त वाहून गेलेलं असतं. तिच्या आईवडिलांनी कितीही जीव टाकला तरी एवढी माणसं गोळा करणं कुठल्याही कुटुंबाच्या आवाक्यातलं नाही. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलच्या रुग्णांना रक्त मोफत आणि बदली रक्तदाता न मागता द्यायचं असा नियम आहे. पण नियम पाळायला फ्रिजमध्ये पिशवी असावी लागते. ती नसली की आईला पुढची तारीख द्यावी लागते. ते वाक्य बोलण्याइतकं अवघड काम आमच्या पेशात दुसरं नाही.

नियमित दात्याचं आणखी एक मोल आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. वारंवार रक्त घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होऊ शकतात. मग नुसता गट जुळून भागत नाही, बारीकसारीक उपगटही जुळवावे लागतात. ज्याचे उपगट आम्ही एकदा तपासून ठेवलेत आणि जो हाक मारली की येतो, असा दाता अशा रुग्णासाठी फार मोलाचा असतो. बॉम्बे रक्तगटाचं उदाहरण तर टोकाचं. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण या माणसाला 'ओ'चं रक्त दिलं तर ते जिवावर बेततं. त्याला फक्त त्याच्याच गटाचं रक्त चालतं. या गटाचे लोक एकमेकांना ओळखत नसतानाही रात्रीची गाडी पकडून दुसऱ्या जिल्ह्यात जातात, रक्त देतात आणि सकाळच्या ड्युटीला परत पोचतात.

आता 'निःस्वार्थ' या भागाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. रक्ताच्या बाबतीत निःस्वार्थपणाला चांगुलपणाच्या पलीकडचं कारण आहे. रुग्णाची सुरक्षितता त्यावर टिकलेली आहे. एके काळी आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक रक्तदाते होते. गरजेपोटी महिन्यात कितीतरी वेळा रक्त विकायचे, आजार लपवायचे, रक्तपेढ्या बदलायचे. त्यांना दोष देत नाही, पोटाला लागलं की माणूस खोटं बोलतो. पण त्या खोट्याची किंमत रुग्ण चुकवायचा. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला, राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा उभ्या राहिल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकण्यावर देशभर बंदी आली.

तपासण्या होतात, मग भीती कसली, असं तुम्ही विचाराल. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस असे असतात की विषाणू रक्तात असतो पण तपासणीत दिसत नाही. नॅट नावाच्या महागड्या तपासणीने हा काळ बराच कमी होतो, शून्य होत नाही, आणि ती सगळीकडे होतही नाही. त्या दिवसांत रुग्णाचं संरक्षण एकाच गोष्टीने होतं, दात्याने फॉर्मवर लिहिलेल्या खऱ्या उत्तराने. ज्याला रक्ताच्या बदल्यात काहीच नको, त्याला खोटं बोलायचं कारण नसतं.

एका कॉलेजच्या शिबिरानंतरची गोष्ट सांगतो. संध्याकाळी पेढीत फोन आला. मुलगा हळू आवाजात बोलत होता. म्हणाला, "सर, फॉर्म भरताना मित्र शेजारी होते, म्हणून सगळीकडे 'नाही' लिहिलं. माझी पिशवी वापरू नका." कारण आम्ही विचारलं नाही, विचारायचं नसतंच. कार्डावरचा पिशवी क्रमांक घेतला आणि पिशवी बाजूला काढली. तिच्या सगळ्या तपासण्या निर्दोष आल्या, तरीही ती नष्ट केली. पुढे त्याला एकट्याला बोलावून समुपदेशकाशी गाठ घालून दिली. ती पिशवी कुणाला मिळणार होती हे त्याला ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. तरी त्याला राहवलं नाही. त्या दिवशी शिबिरात सगळ्यांत मोठी मदत त्यानेच केली असं मी मानतो.

म्हणून हेल्मेट, सुटकेस, मिक्सर वाटणारी शिबिरं मला पटत नाहीत. चहा, केळं, प्रमाणपत्र, बॅज इथपर्यंत ठीक. महागडी वस्तू आली की रांगेत असा माणूस येतो ज्याला त्या दिवशी रक्त द्यायलाच नको होतं. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांनी आधी कधी रक्त दिलं नव्हतं अशा लोकांना रक्तदाता होण्याबद्दल विचारलं. काहीच मोबदला नव्हता तेव्हा ५२ टक्के स्त्रिया तयार झाल्या. ५० क्रोनर (तिथलं चलन) देऊ केले तेव्हा ३० टक्केच. आणि ते पैसे धर्मादाय कामाला देण्याची मुभा दिली, तेव्हा पुन्हा ५३ टक्के. पुरुषांमध्ये असा ठळक फरक दिसला नाही. भेटवस्तूंनी दात्यांची संख्या वाढते असं दाखवणारे अभ्यासही आहेत, ते मी नाकारत नाही. पण तेवढ्याने माझं मत बदलत नाही. पिशव्या किती आल्या यापेक्षा फॉर्म किती खरे भरले गेले, याची चिंता मला जास्त असते.

घरच्यांच्या आक्षेपाबद्दल. रक्ताची किंमत लावता येत नाही, कायद्याने ते विकता येत नाही. रक्तपेढी घेते ते प्रक्रिया शुल्क: पिशवी, तपासण्यांची किट्स, वीज, घटक वेगळे करणं, माणसांचे पगार. याची कमाल मर्यादा ठरलेली आहे आणि दर पेढीत लावलेले असावे लागतात. कुणी जास्त घेतलं तर बिल घेऊन राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, आणि जरूर करावी. गैरप्रकार मुळीच होत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून दात्याने देणं थांबवलं, तर दलालाचं काहीच बिघडत नाही. टंचाई हेच तर त्याचं भांडवल. फ्रिज भरलेला असला की त्याच्याकडे कुणी जात नाही.

तुम्हाला स्वतःला काय मिळतं? रक्तदानाने हार्ट अटॅक टळतो, चरबी उतरते, असले दावे फिरत असतात. तसं खात्रीने सांगण्याजोगा पुरावा नाही, आणि असल्या आमिषाची गरजही नाही. दर वेळी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासलं जातं. कित्येकांना आपला रक्तदाब वाढलाय हे शिबिरातच पहिल्यांदा कळतं. द्रवाची भरपाई एक-दोन दिवसांत होते, तांबड्या पेशी भरून यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि लोहाला त्याहून जास्त. म्हणून तर ९० दिवसांचं अंतर.

मनावरच्या परिणामाबद्दल एक गोष्ट सांगतो, ती रक्तदानाची नाही, एकूण स्वयंसेवेची आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शाळा संपवलेल्या दहा हजारांहून अधिक जणांचा आयुष्यभर पाठपुरावा केला गेला. २००४ मध्ये त्यांना विचारलं की तुम्ही स्वयंसेवा करता का, आणि कशासाठी. चार वर्षांनी पाहिलं तेव्हा इतरांसाठी म्हणून मदत करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं. पण स्वतःला बरं वाटावं, ओळखी वाढाव्यात म्हणून करणाऱ्यांमध्ये ते काहीच न करणाऱ्यांच्या जवळपास होतं. एवढ्यावरून मदतीमुळेच आयुष्य वाढतं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण शिबिरात वर्षानुवर्षं येणाऱ्यांचे चेहरे पाहिलेत, त्यामुळे मला या निष्कर्षाचं आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्यातले बरेचसे एकेकाळी स्वतः किंवा घरचं कुणी रक्तावर वाचलेले असतात.

ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन असेच होते. १९५१ साली, चौदाव्या वर्षी छातीच्या शस्त्रक्रियेत त्यांना १३ युनिट रक्त द्यावं लागलं. अठरा पूर्ण होताच त्यांनी रक्त द्यायला सुरुवात केली. सुईची भीती कधीच गेली नाही, टोचताना ते दुसरीकडे बघायचे. पुढे त्यांच्या प्लाझ्मात एक दुर्मीळ प्रतिपिंड सापडलं. आरएच निगेटिव्ह आईच्या पोटातल्या आरएच पॉझिटिव्ह बाळाला वाचवणारं अँटी-डी इंजेक्शन त्यापासून बनतं. २०१८ मध्ये, ८१व्या वर्षी वयोमर्यादेमुळे थांबेपर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केलं. त्यातून २४ लाख बाळांना संरक्षण मिळालं असं तिथली रक्तसेवा मानते. त्यांच्या स्वतःच्या मुलीलाही ते इंजेक्शन लागलं होतं.

आता तुम्ही काय करावं. तुम्ही देताच आहात, फक्त वेळ थोडी बदला. आपल्याकडे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, गणेशोत्सव आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवसांत शिबिरांची झुंबड उडते. एकेका दिवशी इतक्या पिशव्या येतात की पुढे काही मुदतबाह्य होतात. आणि एप्रिल-मे मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजं बंद, लोक गावी, फ्रिज रिकामा. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र सुट्टी नसते. जवळच्या पेढीत नाव, गट, मोबाइल नोंदवून ठेवा आणि सांगा, तुम्हाला कमी पडेल तेव्हा बोलवा. साठा किती आहे हे ई-रक्तकोष पोर्टलवरही दिसतं. वेळ काढता येत असेल तर प्लेटलेट दानाबद्दल विचारा. यंत्राने तास-दीड तास लागतो, तांबड्या पेशी परत तुमच्याच शरीरात सोडतात, आणि कर्करोगाच्या रुग्णांना त्यांची सतत गरज असते. पिशवी कुठे गेली हे कळावं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. स्टॉकहोममध्ये २०१२ पासून रक्त वापरलं गेलं की दात्याला तसा मेसेज जातो. रुग्णाचं नाव नसतं, फक्त एवढंच की वापरलं गेलं. आपल्याकडेही प्रत्येक पेढीने हे करावं असं मला मनापासून वाटतं.

वहिनींना सांगा, परत पाठवलं ते त्यांच्या भल्यासाठी. रक्तदानाला किमान १२.५ लागतं, आणि स्त्रियांमध्ये १२ च्या खाली गेलं की तो अ‍ॅनिमियाच. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे आधी डॉक्टरांशी बोला. मटकी, चवळी, बाजरी, हळीव, पालेभाज्या, वर लिंबू पिळून, आणि जेवणासोबतचा चहा बंद. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तर दोन-तीन महिने न चुकता. गुळाने हिमोग्लोबिन वाढतं यावर फार विसंबू नका.

एवढं करूनही आकडा हलला नाही, तर एचबीए-टू ही थॅलेसेमियाचे वाहक ओळखणारी रक्ततपासणी करून घ्या. थॅलेसेमिया मायनर असणाऱ्यांचं, म्हणजे वाहकांचं, हिमोग्लोबिन थोडं कमीच राहतं आणि लोहाच्या गोळ्यांनी वाढत नाही. त्यांना स्वतःला सहसा काही त्रास होत नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे वर सांगितलेला आयुष्यभर रक्त लागणारा आजार, होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्या वाहक निघाल्या तर तुम्हीही तपासणी करा. आणि अजून मूल व्हायचं असेल तर ही तपासणी पुढे ढकलू नका.